सतरावा घाणा

पहिला मोजायचा नाही, असं भजी तळणारे म्हणतात.
पहिला मीही मोजला नाही.
मोरीत ओतला, आणि दोन दिवस
घरभर भिजल्या पुठ्ठ्याचा वास.

दुसरा मोजला.
दोनशेपानी वही, कोपऱ्यात तारीख,
खाली: मोडाची बार्ली अडीच किलो, पाणी बारा लिटर,
आच सहासष्ट अंशांवर, बहुधा.
हा "बहुधा" सातव्या घाण्यापर्यंत
प्रत्येक पानावर आहे.
वर्षभर मी बहुधाच प्यायलो.

बिअर कोपऱ्यावर मिळते, गार, झाकणासकट,
हे सुनेत्रानं एकदाच सांगितलं.

तिसरा आंबट.
चौथा जास्त आंबट, पण ठामपणे.
पाचव्याच्या चार बाटल्या एप्रिलात
रात्री पावणेतीनला कपाटात फुटल्या,
तेव्हा ती कूस न बदलता म्हणाली, "साखर जास्त?"

तांबट आळीत नळी वाकवून घेतली, पंधरा वेढे.
हातोडी न थांबवता त्यानं विचारलं, कशाला?
"काढा गार करायला."
"घरात आजारी कोण?"
"मीच."
त्यानं एक वेढा फुकट वाढवून दिला.

आठवा खालच्या गोऱ्ह्यांकडे नेला.
पाणीपुरवठ्यातून निवृत्त,
जन्मात थेंब न घेतलेले,
पण ग्लास नाकापर्यंत नेणारे.
"टँकरचं," म्हणाले.
वर येऊन वही उघडली. टँकरचंच होतं.
"गुरुवारी बंद असतं, तर शुक्रवारचं पहिलं भरू नका.
औषध जास्त. रात्रभर उघडं ठेवा, उडेल."
आणि शब्दकोडं पुढं ओढलं.

नववा.
नवव्याबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ, लिहिलेलं काही नाही.
तो जमला.
भाजल्या पावाची कड, मागून पपनसाच्या सालीचं कडू,
मग तोंड लख्ख, जणू काही झालंच नाही.
ते पान उतू गेलेल्या पातेल्याशेजारी उघडं राहिलं होतं.
निळा ढग. ढगात शिल्लक एवढंच:
"५ चमचे".

कशाचे?

दहा ते सोळा, म्हणजे पावणेदोन वर्षं,
मी त्या चमच्यांच्या मागावर.
संत्र्याची साल पाच चमचे: मुरंबा.
धणे पाच चमचे: सुनेत्रा म्हणाली, आमटीला फोडणी राहिली.
यीस्ट पाच चमचे: झाकण छताला.
नाचणीचे मोड, हॉप्स, गूळ, एकदा तर मीठ,
आणि तेराव्याला सगळंच थोडंथोडं,
रागानं.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची,
हे भोसरीत तपासणी खात्यात मी तीस वर्षं
पोरांना शिकवत होतो.
छर्रे, बुश, बेअरिंगं. सगळी निमूट ऐकायची.
ही नाही ऐकत. हिच्यात जीव आहे,
तिला मंगळवार वेगळा, ढगाळ हवा वेगळी.

सतरावा दिवाळीनंतर लावला.
मोरीत अठरा अंश, ओला टॉवेल नको, पंखा नको.
धणे दीड चमचा. बाकी नवव्यासारखं,
म्हणजे जेवढा आठवला तेवढा.
एकवीस दिवस दार उघडलं नाही.
अंघोळ पुढच्या बाथरूममध्ये, रांग लावून.

गोऱ्हे आले. वास घेतला.
ग्लास उजेडाला धरून पुन्हा घेतला.
मग करंगळी बुडवली,
बाळाला मध चाटवतात तेवढीच, आणि जिभेला लावली.
मी त्यांच्या पत्नींच्या फोटोकडे बघत राहिलो.

"पाणी कळत नाही," म्हणाले.
"हे चांगलं का वाईट?"
"आमच्याकडे चांगलं लिहायची पद्धत नव्हती.
तक्रार नाही, असं लिहायचो."
करंगळी धोतराला पुसली.

वर आलो. वहीत लिहिलं:
सतरावा. तक्रार नाही.
आणि पेनाला टोपण लावायच्या आत, त्याच्याखाली:
अठरावा.
सगळं असंच.
धणे पाव चमचा कमी.